‘थेट पुण्याला न्या’ म्हणणाऱ्यांनो, जरा थांबा

रात्रपाळी:
परवापासून एक पोस्ट फिरतेय. ‘मुलाला अपघात झाला तर तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात एक मिनिटही घालवू नका, तिथे फक्त रेफरची चिठ्ठी मिळते. गाडीत घाला आणि थेट पुणे-मुंबई गाठा.’ खाली अंगठ्यांचा नुसता पाऊस. डोकं उठलं, म्हणून लिहितेय. चौदा वर्षं कॅज्युअल्टीत काढलीत, त्यातली अकरा ग्रामीण रुग्णालयात.

ऊसतोडीच्या दिवसांत सहा वर्षांचं पोर आणलं, ट्रॉलीवरून पडलेलं. बाप म्हणत होता, ‘बोलतोय की तो, नुसता घाबरलाय. चिठ्ठी द्या, आम्ही निघतो.’ बीपी १००. कुणीही म्हणेल, बरं आहे. पण नाडी १६०, तळपाय गार पडलेले, आणि नख दाबून सोडलं की गुलाबी रंग परतायला चार सेकंद. पोरांचं बीपी असंच फसवतं. रक्त जात असतं तरी बराच वेळ टिकून राहतं आणि मग एकदम कोसळतं, सावरायला वेळच देत नाही. किलोमागे ऐंशी मिली धरा, वीस किलोच्या पोरात रक्त १६०० मिली. पाण्याच्या लिटरच्या दोन बाटल्याही भरणार नाहीत. त्यातलं चारशे मिली पोटात साचलं तरी बाहेर थेंब दिसत नाही.

ऑक्सिजन लावला. शीर सापडेना, दोनदा टोचून बघितलं, मग डॉक्टरांनी नडगीच्या हाडात सुई घातली. सलाईन कोमट करून वजनाच्या हिशोबाने दिलं. पोरगं उघडं होतं, कारण कपडे कापावे लागले. दोन ब्लँकेटं गुंडाळली, कारण अंग गार पडलं की रक्त गोठायचंही थांबतं. मी मिरजेला फोन केला : वजन इतकं, रक्तगट हा, पोटात प्लीहा फाटली असावी, निघतोय. पंचवीस मिनिटं लागली. हीच पंचवीस मिनिटं ‘घालवू नका’ असं ती पोस्ट सांगते. ऑपरेशन लागलं नाही, प्लीहा शाबूत राहिली. मुलांमध्ये नीट नजर ठेवली तर पुष्कळदा राहते.

बापमाणूस:
सिस्टर, तुमच्यासारखी भेटली असती तर मीही असंच लिहिलं असतं. ती पोस्ट शेअर करणाऱ्यांत मी आहे. माझी मुलगी चार वर्षांची असताना दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून पडली. गाव नाही हो, चांगलं शहर. पहिल्या ठिकाणी गेटवरच सांगितलं, लहान मुलांची हेड इंज्युरी घेत नाही. दुसऱ्या ठिकाणी आधी एमएलसी (पोलीस केसची नोंद), आधी डिपॉझिट. तिसऱ्या ठिकाणी बेड मिळाला तेव्हा तीन तास चाळीस मिनिटं झाली होती. मुलगी आहे, देवाची कृपा. डावा हात उचलत नाही. शाळेत डबा उघडायला मैत्रीण लागते.

१९८९ सालचा सुप्रीम कोर्टाचा निकाल आहे म्हणे, परमानंद कटारा खटल्यातला. आधी उपचार, पोलीस नंतर. मला वकिलाने सहा महिन्यांनी सांगितलं. त्या रात्री वॉचमनला कोण सांगणार होतं?

हिशोबी:
आता कॅशलेस योजना आली आहे, मे २०२५ पासून. दीड लाखापर्यंत, सात दिवस, देशात कुठेही. डिपॉझिट मागणाऱ्याला दाखवायचं.

बापमाणूस:
ती मोटार अपघातासाठी आहे, दादा. गॅलरीतून पडायला मोटार लागत नाही. झाडावरून, विहिरीत, पतंग उडवताना गच्चीवरून, यातलं काहीच त्यात बसत नाही. पोरं पडतात कुठून, हे योजना लिहिणाऱ्यांनी कधी बघितलंय का?

डॉ. वैतागलेले:
दोघेही बरोबर आणि दोघेही चुकताय. सिस्टरकडे हाडात सुई घालणारा डॉक्टर होता. तो परवाच्या बदलीत गेला की काय? शेजारच्या तालुक्यात हायवेला ‘ट्रॉमा केअर’ची (गंभीर जखमींच्या उपचारांची) पाटी आहे, भूलतज्ज्ञ आठवड्यातून दोन दिवस. मंगळवारी पडलात तर वाचलात. मला विचाराल तर प्रत्येक जिल्ह्याच्या सिव्हिलला मुलांचा आयसीयू हवा. नवजात बाळांसाठी एसएनसीयू (त्यांचे खास कक्ष) झाले, त्यानंतरच्या वयाचं पोर मात्र मोठ्यांच्या आयसीयूत कोपऱ्यात झोपतं.

रात्रपाळी:
नाही गेला, आहे अजून. आणि डॉक्टर, आयसीयू मागा, मीही मागते. पण आत्ता मोठ्या माणसाचा बीपीचा पट्टा पोराच्या दंडाला गुंडाळून ‘बीपी लो’ लिहिणारे आहेत, त्यांचं काय? त्याला आयसीयू लागत नाही. छोटा पट्टा लागतो.

कर्वेनगरचे काका:
मुळात पोरं इथवर पोचतातच कशी? रोज सकाळी बघतो. बाप चालवतोय, पुढे एक उभं, मागे आई, मधे दुसरं. चौघांत मिळून एकही हेल्मेट नाही. नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलाला हेल्मेट आणि पट्टा हवा, गाडी ताशी ४० च्या आत हवी, हा नियम फेब्रुवारी २०२३ पासून आहे. कुणी पाळतं? आणि इथे आयसीयूवर भांडताय.

तीनपदरी:
काका, हे पुण्यातून बोलताय? जिथे हेल्मेटसक्ती म्हटलं की मोर्चे निघतात?

कर्वेनगरचे काका:
मोर्चे सक्तीविरुद्ध होते, हेल्मेटविरुद्ध नव्हते.

तीनपदरी:
वा. हे फक्त पुण्यातच सुचतं. तुम्ही स्वतः घालता?

कर्वेनगरचे काका:
मी गल्लीतून भाजी आणायला जातो. प्रश्न माझा नाही.

मानदुखी:
तीन वर्षांच्या पोराच्या मानेला हेल्मेटचा भार पेलणार आहे का? आधीच डोकं शरीराच्या मानाने मोठं. आमच्या फिजिओने स्पष्ट नको म्हणून सांगितलंय.

डॉ. वैतागलेले:
डोकं मोठं आहे म्हणूनच ते आधी आपटतं. तुमच्या फिजिओला आमच्या सिटी स्कॅनच्या खोलीत पाठवा एक रात्र. आणि नियमात सायकलचं हलकं हेल्मेटही चालतं, वाचलंत तर.

मानदुखी:
डॉक्टर आहात म्हणून उद्धट बोलायचं लायसन्स मिळतं का? आमच्या घरात तीन पिढ्या स्कूटरवर वाढल्या, कुणाला काही झालं नाही.

बापमाणूस:
ज्यांना झालं ते इथे टाइप करत नसतात, ताई.

तीनपदरी:
माफ करा, दादा. आम्ही हेल्मेटवरच घसरलो.

बर्मिंगहॅमचा भाऊ:
एक अनुभव. मी इथे भूलतज्ज्ञ आहे, मूळचा सोलापूरचा. इंग्लंडमध्ये २०१२ पासून ट्रॉमाचं जाळं आहे. अँब्युलन्सवाला जागेवरच ठरवतो आणि मोठं केंद्र साधारण ४५ मिनिटांच्या आत असेल तर जवळचं छोटं हॉस्पिटल ओलांडून थेट जातो. तेव्हा ‘थेट न्या’ हे अगदीच वेडेपणाचं नाही.

डॉ. वैतागलेले:
आले साहेब. आता हेलिकॉप्टरचंही सांगा.

बर्मिंगहॅमचा भाऊ:
सांगतो की. इथली बहुतेक एअर अँब्युलन्स लोकवर्गणीवर चालतात, सरकारी नाहीत. दुकानाच्या काउंटरवर डबा ठेवलेला असतो.

रात्रपाळी:
भाऊ, ४५ मिनिटांच्या आत असेल तर मान्य, आनंदाने मान्य. पिंपरीत पडलेल्या पोराला मी तालुक्याला आणा म्हणणार नाही. पण ती पोस्ट वाचणारे आमच्याकडचेही आहेत. आमच्यापासून मिरज दोन तास, पुणे पाच तास. पोटात रक्त साचलेलं, हाताला सलाईन नाही, बापाच्या मांडीवर पाच तास? आणि तुमच्याकडे ठरवतो तो शिकलेला माणूस. आमच्याकडे ठरवतो गाडीभोवती जमलेल्यांपैकी सगळ्यात मोठा आवाज.

पायलट १०८:
सिस्टर बोलल्या ते खरं. राज्यात १०८ अँब्युलन्सचं काम ९३७ गाड्यांनी सुरू झालं, त्यातल्या २३३ मोठ्या, व्हेंटिलेटरवाल्या. माझी साधी. डॉक्टर सोबत असतात, तरी माणसं स्टिअरिंगला हात घालून सांगतात, ‘सरळ पुण्याला घे.’ मागच्या महिन्यात एका मामाने चावीच काढून घेतली. पोरगं आत, डॉक्टर मास्क धरून बसलेले, आणि आम्ही चावी मागतोय. मामा रडत होता, म्हणून काही बोललो नाही.

बापमाणूस:
मी तो मामा झालो असतो. खोटं कशाला बोलू.

सिस्टर, तुमचं पटलं असं म्हणणार नाही. पोस्ट मी काढणार नाही, कारण गेटवर परत पाठवलेला बाप अजून माझ्या अंगात आहे. पण खाली एक ओळ घालतो, ‘आधी फोन करा, जिथे डॉक्टर आहे तिथे रक्त थांबवून, ऑक्सिजन लावून घ्या, मग निघा.’ चालेल?

रात्रपाळी:
‘मुलाचं वजन सांगा’ हेही घाला. औषध सगळं त्यावर असतं. तुमच्या मुलीचं वजन पहिल्यांदा कुणी विचारलं होतं?

बापमाणूस:
तिसऱ्या ठिकाणी. चौदा किलो. त्याच आठवड्यात बालवाडीत केलं होतं म्हणून तोंडपाठ होतं.

मानदुखी:
मुख्य प्रश्न हेल्मेटचाच होता, आणि डॉक्टरांनी अजून माफी मागितलेली नाही.

डॉ. वैतागलेले:
मागितली. आता हलकं हेल्मेट घ्या.

कर्वेनगरचे काका:
इथे कुणाला माहीत असेल तर सांगा. नातू साडेतीन वर्षांचा, डोक्याचा घेर ५० सेंटिमीटर. टेप लावून मोजला. सायकलवाल्याकडे कुठला साइज मागायचा?