लेखकांचं लुटुपुटीचं भांडण: फसवणूक कसली?

पार्क चौकातला:
परवा इथं एकानं लिहिलं की आपल्या गावचे ते कादंबरीकार आणि ते गझलकार महिनाभर फेसबुकवर एकमेकांची लाज काढत होते, आणि आता दोघांच्या पुस्तकांचं प्रकाशन एकाच दिवशी, एकाच मंचावर. म्हणजे भांडण ठरवून केलेलं. ही वाचकांची फसवणूक आहे, साहित्यिकांना हा पोरकटपणा शोभत नाही, वगैरे. दोन दिवस गप्प बसलो, आता राहवत नाही.

अहो, भांडण काय होतं ते तरी आठवा. गझलकार म्हणाले, "यांची कादंबरी हातात घेतली तेव्हा नळाला पाणी आलं होतं. पुढच्या पाळीचं पाणी येऊन गेलं तरी नायक आंघोळीलाच बसलाय." कादंबरीकारांचं उत्तर, "यांचा मतला, म्हणजे गझलेचा पहिला शेर, नेहमी चांगला असतो. पुढचे शेर मात्र त्यांचे स्वतःचे असतात." यात ज्याला खरं वैर दिसलं त्याला कोपरापासून नमस्कार. ही खोडी मराठीत आजची आहे का? अत्र्यांनी 1925 मध्ये 'झेंडूची फुले' काढून रविकिरण मंडळाच्या कवींची यथेच्छ टिंगल केली, ती आपण अजून चवीनं वाचतो. आणि सोलापूरकराला शाहिरांच्या दोन फडांतला कलगी-तुरा काय शिकवायचा? रात्रभर सवाल-जवाब, पहाटे दोन्ही फडांना एकाच किटलीतला चहा.

आमच्या घरात पुस्तक म्हणजे दहावीचं गाइड. त्या घरात माझ्या भाच्यानं हे भांडण वाचून कादंबरी मागितली. अजून काय पाहिजे?

वाचनालयाची पायरी:
अत्र्यांना मध्ये आणू नका. ते 'केशवकुमार' नावानं टोप्या उडवत होते तेव्हा रविकिरण मंडळातले माधव जूलियन पडद्याआडून टाळी देत नव्हते. फडके-खांडेकरांचा वाद घ्या, कलेसाठी कला की जीवनासाठी कला. दोघांनाही काहीतरी म्हणायचं होतं. तुमच्या या दोघांना काय म्हणायचंय? प्रकाशनपूर्व सवलत, बास.

माझंच सांगते. मी गझलकारांची बाजू घेतली म्हणून चुलतभावाशी असं वाजलं की त्याच्या मुलीच्या साखरपुड्याला मी गेले नाही. आणि हे दोघं माझ्या मिस्टरांना सात रस्त्याला एका टेबलावर डोसा खाताना दिसले!

कडक भाकरी:
ताई, साखरपुडा चुकवायला लेखक कशाला लागतात. बाकी नळाच्या पाण्यावर विनोद करणाऱ्यांनी आमच्या गल्लीत येऊन एकदा रात्री दोनला मोटर लावून बघावी. हसू येतंय का ते सांगावं.

भेट प्रत मिळेल का:
विषय निघालाच आहे तर लेखकाचंही ऐका. माझा कवितासंग्रह निघाला, पदरमोड करून. गावात जो भेटेल तो "एक प्रत दे की". एका प्राध्यापकांनी दोन घेतल्या, दुसरी व्याह्यांना द्यायला. विकत? नाव नको. भांडून पुस्तक खपत असेल तर मी उद्यापासून कुणाशीही भांडायला तयार आहे. इच्छुकांनी कळवावं.

शाहिराचा नातू:
कलगी-तुरा लुटुपुटीचा, हे कुणी सांगितलं बे तुला? तुरेवाले शिवाला थोर मानणार, कलगीवाले शक्तीला. भेदिकातला, म्हणजे कोड्याच्या लावणीतला, सवाल पुराणातला असतो. जवाब आला नाही तर भर फडात मान खाली. आमचे आजोबा तुऱ्याकडचे. एकदा जवाब सुचला नाही तर पुढच्या सुगीपर्यंत त्या गावच्या वाटेनं गेले नाहीत. डोसा खाणाऱ्यांशी तुलना नको.

पार्क चौकातला:
आजोबांना नमस्कार. पण शिव मोठा की शक्ती, या वादावरच दोन्ही फडांचा धंदा चालायचा ना? एक फड मोडला असता तर दुसऱ्याला सुपारी कुणी दिली असती? आपला राम जोशी बघ. लावण्या रचणारा माणूस, पण मोरोपंतांच्या आर्या कीर्तनातून लोकांच्या तोंडी बसवल्या. एका कवीनं दुसऱ्याला वर काढायची रीत या गावात जुनी आहे.

शाहिराचा नातू:
राम जोशीनं मोरोपंतांशी खोटं भांडून आर्या खपवल्या नाहीत, उघड गायल्या. तुझाच दाखला तुझ्या गळ्यात. आणि धंदा म्हणू नको. आमच्याकडं डफ अजून देवघराशेजारी टांगलेला आहे.

रात्रपाळी:
अमेरिकेत जॅक बेनी आणि फ्रेड ॲलन या रेडिओवरच्या विनोदवीरांनी 1936 च्या डिसेंबरात अशीच कुरापत काढली आणि वर्षानुवर्षं चालवली. एरवी दोस्त. तिथं कुणाचा साखरपुडा मोडल्याचं ऐकलं नाही.

अक्कलकोट रोड:
आमच्या कन्नड बाजूला कलगी-तुऱ्यासारखी हरदेशी-नागेशी असते, गीगी पदं गातात. पुरुष मोठा की बाई यावर रात्रभर जुंपते, हरदेशीवाले पुरुषाकडचे, नागेशीवाले बाईकडचे. बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक असतं की सकाळी दोघं एकाच एसटीनं जाणार, तरी कुणी उठत नाही. ठाऊक असणं हीच तर मजा.

वाचनालयाची पायरी:
ठाऊक असणाऱ्यांना मजा, कबूल. मग आम्हा बावळटांसाठी पहिल्या दिवशी डोळा तरी मारायचा. आणि रात्रपाळी, साखरपुडा मोडला नाही, मी गेले नाही एवढंच. नीट वाचत जा.

शाहिराचा नातू:
अण्णा, हरदेशीवाले का तुम्ही? मग आपलेच. गड्ड्याच्या जत्रेला या, सवाल टाकतो.

अक्कलकोट रोड:
आमचं घराणं नागेशीचं. तुम्हीच पुराणं वाचून या.