बी विंग ग्रुप : रात्रीची घरघर

जोशी काकू ३०२ : नमस्कार. कोणाचं नाव घेत नाही. पण रात्री साडेअकरानंतर आमच्या बेडरूमच्या डोक्यावर जी घरघर सुरू होते ती आज तरी बंद राहील का? कपाटावर ठेवलेलं पितळी ताट झणझणतं. ह्यांना पहाटेची लोकल असते.

सावंत ४०२ : काकू, नाव घेतलंत तरी चालेल. तुमच्या डोक्यावर आम्हीच राहतो.

नाईक वहिनी २०३ : 😂

देशमुख १०४ : पंपाखालचे रबर २०१९ पासून बदललेले नाहीत. सोसायटीच्या पाण्याच्या पंपाबद्दल एजीएममध्ये लेखी दिले आहे.

सावंत ४०२ : ईशानचा कॉम्प्युटर आहे. परीक्षा संपली, पोरगा दोन तास खेळतो. दिवाळीत तुमच्याकडे दोन-दोन वाजेपर्यंत पत्ते चालले तेव्हा आम्ही ग्रुपवर आलो नव्हतो.

जोशी काकू ३०२ : पत्ते वर्षातून एकदा. आणि तुम्हालाही बोलावलं होतं.

पाटील सेक्रेटरी : सर्व सभासदांनी सौजन्य राखावे ही नम्र विनंती 🙏

अमेय गोखले ५०१ : ईशानलाच घ्या ना ग्रुपवर. उगाच मधल्यामधे भांडण.

_पाटील सेक्रेटरी यांनी ईशान यांना ॲड केले_

ईशान ४०२ : सॉरी काकू. तो जुना टॉवर आहे, पाच पंखे आणि आरटीएक्स ३०७० ग्राफिक्स कार्ड. मी तसंही नवीन छोटा बिल्ड करणारच आहे, ऑगस्टमध्ये पुण्याला हॉस्टेलवर न्यायचाय. दहा लिटरची केस, म्हणजे कॅबिनेट, बघितलीय. एकदम सायलेंट होईल.

सावंत ४०२ : हे मला आत्ता कळतंय.

नाईक वहिनी २०३ : दहा लिटर? कॉम्प्युटर आहे की प्रेशर कुकर?

ईशान ४०२ : केसचं आकारमान लिटरमध्येच सांगतात काकी.

अमेय गोखले ५०१ : ईशान, छोटा आणि सायलेंट हे इतकं सहज जमत नाही. आवाज डब्याचा नसतो, उष्णतेचा असतो. ३०७० पूर्ण ताकदीने २२० वॉट खातं, ती सगळी उष्णता बाहेर काढायचीच. मोठ्या टॉवरमध्ये १४० मिलिमीटरचे पंखे रमतगमत फिरून ते काम करतात. दहा लिटरमध्ये सीपीयूवर, म्हणजे प्रोसेसरवर, जेमतेम पाच-सात सेंटीमीटर उंचीचा कूलर बसतो, त्याचा छोटा पंखा किंचाळतो. पंख्याचा वेग निम्मा केला की आवाज साधारण १५ डेसिबलने उतरतो. म्हणजे वेग वाढवावा लागला की काय होतं ते समज.

ईशान ४०२ : यूट्यूबवर सगळे म्हणतात ६५ डिग्री, आवाजच नाही.

अमेय गोखले ५०१ : ते एसी खोलीत २० डिग्रीला मोजतात रे. आपल्याकडे मे महिन्यात रात्री खोलीत ३२ असतं. बाहेर जेवढं वाढतं जवळपास तेवढंच आत वाढतं.

देशमुख १०४ : पंपाखालचे रबर २०१९ पासून बदललेले नाहीत. ध्वनिप्रदूषण नियम २००० प्रमाणे रहिवासी भागात रात्री १० ते सकाळी ६ मर्यादा ४५ डेसिबल. पंपालाही लागू.

अमेय गोखले ५०१ : काका, तो परिसराचा आकडा आहे, बेडरूममधल्या ताटाचा नाही.

देशमुख १०४ : नियम नियम असतो.

ईशान ४०२ : मग वॉटर कूलिंग लावतो. २४० मिलिमीटरचा रेडिएटर.

सावंत ४०२ : पाणी? कॉम्प्युटरमध्ये?

नाईक वहिनी २०३ : आम्हाला सकाळी आठनंतर नळाला थेंब नाही, आणि ४०२ मध्ये कॉम्प्युटर आंघोळ करतोय. छान. त्यांच्या कुंड्यांचं पाणी मात्र आमच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर.

सावंत ४०२ : कुंड्यांचा विषय मार्चमध्ये मिटला आहे.

नाईक वहिनी २०३ : तुमच्या बाजूने मिटला असेल.

_हा मेसेज डिलीट करण्यात आला_

पाटील सेक्रेटरी : 🙏🙏

अमेय गोखले ५०१ : वॉटर कूलिंगलाही पंप असतोच ईशान, तो कॉम्प्युटर चालू असेपर्यंत गुणगुणतो. आणि दहा लिटरच्या बऱ्याच केसेसमध्ये २४० चा रेडिएटर बसतही नाही. माझं ऐक, १८ लिटरच्या आसपासची घे, कूलर मास्टरची एनआर२०० वगैरे. त्यात १५५ मिलिमीटर उंचीचा साधा टॉवर कूलर बसतो. प्रोसेसर रायझन ५ ७६०० घे, ६५ वॉटचा. पॉवर सप्लाय एसएफएक्स, म्हणजे छोट्या साइजचा, साडेबारा बाय दहा सेंटीमीटरचा असतो, पण चांगला घे. त्याचा पंखा बहुधा ९२ मिलिमीटरचाच असतो, स्वस्तातला घेतलास तर सगळ्यात जास्त आवाज तोच करेल.

ईशान ४०२ : १८ लिटर सिंहगड एक्स्प्रेसमध्ये कशी नेणार? १० वाली सॅकमध्ये जाते.

अमेय गोखले ५०१ : मग १० घे आणि कार्ड बदल. ४०६० ला ११५ वॉट पुरतात. गेम मध्यम सेटिंगवर खेळायचे. छोटं, शांत आणि तगडं यातली दोनच मिळतात.

ईशान ४०२ : ३०७० विकून ४०६० घेऊ?? मेमरी दोन्हीत ८ जीबीच.

सावंत ४०२ : थांबा. अमेय, खरं सांग. नवीन काही न घेता आवाज कमी होतो का?

अमेय गोखले ५०१ : होतो की. फ्रेम रेट, म्हणजे सेकंदाला दिसणारी चित्रं, ६० ला बांधायचा, कार्ड अंडरव्होल्ट करायचं म्हणजे त्याला थोडं कमी व्होल्टेज द्यायचं, आणि फॅन कर्व्ह उतरवायचा म्हणजे त्याच तापमानाला पंखे हळू फिरवायचे. फुकटात निम्मा प्रश्न सुटतो.

ईशान ४०२ : अमेयदादा तू कोणाच्या बाजूने आहेस 😭

सावंत ४०२ : धन्यवाद अमेय. फार मोठं काम केलंस.

शेख १०१ : मी एसीचं काम करतो म्हणून विचारतो. तो डबा ठेवलाय कुठे?

ईशान ४०२ : खाली, फरशीवर. टेबलाला चिकटून.

शेख १०१ : मग काकूंना ऐकू येतोय तो हवेतला आवाज नाही. लादीतून उतरतोय. आउटडोअर युनिट नुसत्या लोखंडी ब्रॅकेटवर कसलं की आतल्या माणसाला भिंत बोलल्यासारखी वाटते, तसंच. डब्याखाली जाड रबर टाक आणि टेबलापासून चार बोटं लांब ठेव. आज रात्री आधी एवढंच कर. पंख्यांचे स्क्रूही बघ, एखादा ढिला असेल.

अमेय गोखले ५०१ : शेखभाई 👏 मी वॉटमध्येच अडकलो होतो.

देशमुख १०४ : रबर. हेच मी पंपाबद्दल २०१९ पासून सांगतो आहे.

जोशी काकू ३०२ : कॉम्प्युटर कोणता घ्यायचा तो घ्या बापडे. मला झोप हवी.

ईशान ४०२ : काकू, आज साडेअकराला मी पूर्ण बंद करतो, प्लगसकट. तुम्ही ताटाकडे लक्ष ठेवा. मग रबर टाकून पुन्हा चालू करतो.

_रात्री ११.४२_

जोशी काकू ३०२ : बंद केलास का?

ईशान ४०२ : हो, दहा मिनिटं झाली.

जोशी काकू ३०२ : ताट अजून वाजतंय. आधीपेक्षा कमी, पण वाजतंय.

अमेय गोखले ५०१ : पाण्याचा पंप चालू आहे का आत्ता?

शेख १०१ : चालू आहे. मी खालीच उभा आहे. फाउंडेशनच्या एका बोल्टखाली रबरच नाही, पार झिजून गेलंय. पाइपही नुसत्या क्लॅम्पने भिंतीला आवळलाय, तो थेट ३०२ च्या भिंतीतून वर जातो.

देशमुख १०४ : २०१९.

देशमुख १०४ : दोन हजार एकोणीस.

सावंत ४०२ : म्हणजे सकाळपासून माझ्या पोराला ग्रुपवर उभा केलात आणि दोष सोसायटीचा.

जोशी काकू ३०२ : अर्धा तुमचा. कमी झालं म्हटलं ना मी.

पाटील सेक्रेटरी : पंपाचा विषय मासिक सभेत घेण्यात येईल. तोवर शेखभाईंनी अंदाजे खर्च कळवावा.

नाईक वहिनी २०३ : वर्गणी काढणार असाल तर आमचा आधीच नकार.

ईशान ४०२ : रबर टाकून चालू केला काकू, फ्रेम पण ६० वर. बघा आता. आणि बाबा, उरलेला विषय पुण्याला जायच्या आधी बोलू. अमेयदादा लॅमिंग्टन रोडला पार्ट्स बघायला येतो म्हणालाय.

सावंत ४०२ : अमेयदादाच पैसेही देणार आहे का?

अमेय गोखले ५०१ : मी ग्रुप म्यूट करतोय.

जोशी काकू ३०२ : ईशान, फरक आहे रे बाळा. ते रबर उरलं असेल तर आमच्या वॉशिंग मशिनखाली घालायला देशील का?

सावंत ४०२ : म्हणजे सकाळी सहाला खालून धाडधाड येतं ते तुमचं मशिन!

जोशी काकू ३०२ : सहा नाही. साडेसहा.