उत्तेजक चित्रांना उत्तेजन?

निळी शाई: दिवाळी अंकासाठी लंडनचा प्रकाशक लेनर्ड स्मिदर्स याच्यावरचा लेख मराठीत आणतेय. १८९५ मध्ये ऑस्कर वाइल्डला अटक झाली, त्या गदारोळात चित्रकार ऑब्री बिअर्ड्सलीला 'द यलो बुक' या नियतकालिकातून काढलं. स्मिदर्सने त्याला हाताशी धरून १८९६ मध्ये 'द सॅव्हॉय' हे नियतकालिक काढलं, 'लिसिस्ट्राटा' या प्राचीन ग्रीक विनोदी नाटकासाठी आठ चित्रं करून घेतली आणि ती खाजगी वितरणासाठी छापली. मी लिहिलं, 'स्मिदर्सने उत्तेजक चित्रांना उत्तेजन दिले.' संपादकांनी दोन्ही शब्दांवर काट मारली. आता काय लिहू?

खडूफळा: 'उत्तेजन'वर काट कशाला? आम्ही उत्तेजनार्थ बक्षीस घरभर मिरवलंय. पुण्यात ग्रंथोत्तेजक संस्था आहे, वक्तृत्वोत्तेजक सभा आहे. 'उत्तेजक' तेवढा काढा, 'उत्तान' लिहा.

मुद्रितशोधक: उत्तान म्हणजे मुळात उताणा. त्या चित्रांतले स्पार्टाचे दूत चांगले उभे आहेत, लिंगं अवाढव्य काढलेली. नाटकात बायकांनी युद्ध थांबेपर्यंत नवऱ्यांना जवळ येऊ दिलेलं नाही, त्याचा हा परिणाम. सरळ 'अश्लील' म्हणा.

निळी शाई: 'अश्लील' म्हटलं की निवाडाच झाला. लेखकाला तो करायचा नाही.

मुद्रितशोधक: निवाडा चित्रकारानेच केलाय. मार्च १८९८ मध्ये मरणाच्या दारात असताना त्याने स्मिदर्सला पत्र लिहिलं, 'लिसिस्ट्राटा'च्या सगळ्या प्रती आणि अश्लील चित्रं नष्ट करा म्हणून विनवलं. वय अवघं २५. स्मिदर्सने ऐकलं नाही.

कोकणकडा: अश्लील म्हणजे अश्रील, ज्यात श्री नाही ते. काव्यशास्त्रकार मम्मटाने त्याचे व्रीडा (लाज), जुगुप्सा (किळस) आणि अमंगल असे तीन प्रकार सांगितलेत. यातली रेषा इतकी देखणी आहे की श्री नाही असं मी तरी म्हणणार नाही. आमची आजी असल्या चित्रांना 'बीभत्स' म्हणायची.

मुद्रितशोधक: आजींचा मान राखून सांगतो, बीभत्स रसाचा स्थायीभाव, म्हणजे मूळ भावना, जुगुप्सा. ही चित्रं पाहून किळस येत नाही.

कोकणकडा: रसशास्त्र पुस्तकात. घराघरांत बीभत्स म्हणजे हेच. लोक वापरतात तो अर्थ चुकीचा कसा?

खडूफळा: शाईताई, 'उत्तेजन' सोडू नका. धातू तिज्, म्हणजे धार लावणं. स्मिदर्सने नेमकं तेच केलं. दुसरा कोणीही त्या पोराला 'जरा सौम्य काढ' म्हणाला असता. आणि 'सजावट' हा शब्द कुठे आला असेल तर तो आधी खोडा. आपल्या अंकांत 'मुखपृष्ठ व सजावट' छापून चित्रकाराला मखरवाल्यांच्या रांगेत बसवतात.

कोकणकडा: मखरवाला कमी प्रतीचा का? माझे काका केळीच्या सोपटांवर जी नक्षी कोरायचे, ती बघायला अख्खी वाडी जमायची.

खडूफळा: कमी म्हटलंच नाही. मखर गणपतीसाठी असतं. 'सॅव्हॉय'मध्ये लोक आधी चित्रंच बघायचे, मजकूर मागाहून.

कोकणकडा: मखरही आधी बघतात.

निळी शाई: मंडळी, मजकूर उद्या छपाईला जातोय. 'उत्तेजक'ला कोणी तरी शब्द सुचवा.

मुद्रितशोधक: सोपट की सोप? आमच्याकडे सोपच म्हणतात.