धनुष्याला लावलेलं अळशीचं तेल सुकत नाही, काय करावं?

रानवाट, चिपळूण (9 जुलै)
नमस्कार मंडळी. आजोबांनी कुदळीच्या दांड्यांसाठी माळ्यावर ठेवलेलं धामणीचं लाकूड होतं. चार महिने तासून त्यातून माझं पहिलं धनुष्य केलं. पाठीला, म्हणजे बाण सोडताना लक्ष्याकडे राहणाऱ्या बाजूला, कळकाची (बांबूची) पट्टी चिकटवली आहे, साल बाहेरच्या बाजूला ठेवून. जूनअखेर कच्चं अळशीचं तेल आणलं आणि क्रिकेटच्या बॅटला लावतात तसं फडक्याने चोपडलं. दोन-दोन दिवसांनी असे तीन हात दिले. आज शेवटच्या हाताला आठ दिवस झाले. पोटाची, म्हणजे आपल्याकडची, बाजू बरी आहे, पण पाठ अजून चिकचिकते, बोटाचे ठसे उठतात, धूळ बसते.

आणखी एक काळजी आहे. मे महिन्यात ताणकाट्यावर (दोरी ओढायला किती जोर लागतो ते मोजणारा काटा) 28 इंचांच्या ओढीला 38 पौंड भरायचे, आता 34 भरतात. तेलाने लाकूड मऊ पडलं का? वरून वार्निश मारू का? फार जीव लावून केलंय, बिघडवायचं नाही.

पॉलिशचा हात, कोल्हापूर
वार्निश अजिबात मारू नका. खालचं ओलं तेल तसंच कोंडलं जाईल.

अळशीचं तेल पाण्यासारखं उडून सुकत नाही. ते हवेतला ऑक्सिजन धरतं आणि घट्ट होतं. थर जाड असला की वर साय धरते आणि खाली ओलंच राहतं. त्यात तुम्ही कच्चं तेल वापरलंत. रंगाच्या दुकानात बेलतेल मागा, म्हणजे डबल बॉइल्ड. त्यात सुकवणारे क्षार घातलेले असतात, ते उघड्या हवेत एक-दोन दिवसांत धरतं. पहिल्या हाताला निम्मं टर्पेन्टाइन मिसळा. लावून वीस मिनिटं थांबा, मग कोरड्या सुती फडक्याने जेवढं निघेल तेवढं पुसून काढा. हात फिरवला तर तेल लागता कामा नये. मी तीस वर्षं फर्निचरचं पॉलिश करतोय. नव्या पोरांची चूक एकच असते, पुसायची घाई झाली की थर राहतो.

कमठा, लेस्टर
पोट सुकलं आणि पाठ नाही, यातच अर्धं उत्तर आहे. कळकाच्या सालीवर मेण आणि सिलिका असते, ती तेल पीत नाही. धामणीने तेल आत घेतलं, सालीवर ते नुसतं बसून राहिलं. टर्पेन्टाइनमध्ये भिजवलेल्या फडक्याने पाठ पुसून काढा. फारच घट्ट झालं असेल तिथे बारीक स्टील वूल अगदी हलक्या हाताने फिरवा. पॉलिश पेपर पाठीला लावू नका. सालीखालचे तंतू सगळा ताण पेलतात, ते कापले गेले की धनुष्य तिथूनच फुटतं, आणि पेरांपाशी तर आधी.

चार पौंड कमी झाले ते मात्र तेलामुळे नाही, हवेमुळे. तेलाचा हात पाण्याचे थेंब थोडा वेळ अडवतो, वाफ अडवत नाही. हवेतली आर्द्रता 50 टक्के असेल तर लाकडात साधारण 9 टक्के ओल राहते, 80 टक्क्यांना ती 16 च्या आसपास जाते. कोकणात जुलैमध्ये काय असतं ते तुम्ही जाणताच. असं दमटलेलं धनुष्य ओढत राहिलात तर ते कायमचा वाक धरेल आणि तो परत येत नाही. म्हणून आजपासून दोरी उतरवून ठेवा, एकही बाण सोडू नका.

मी लाकडी खोकं करून आत 60 वॅटचा साधा पिवळा बल्ब लावतो, वर-खाली भोकं ठेवतो. बाहेर 26 अंश आणि 85 टक्के आर्द्रता असेल तर तीच हवा 36 अंशांवर नेली की आर्द्रता जवळपास 48 टक्क्यांवर येते. तेवढं पुरतं. 40 च्या वर नेऊ नका, पट्टीचा गोंद ढिला पडू शकतो. पाठ पुसून टर्पेन्टाइनचा वास पूर्ण गेल्याशिवाय आत ठेवायचं नाही, बल्ब लाकडापासून लांब. आधी लाकूड सुकवा, तेलाचा नवा हात नंतर.

शेवरी
आमच्याकडे कुऱ्हाडीच्या दांड्याला खोबरेल लावतात. त्याने का नाही चालणार?

प्रयोगवही, नाशिक
दांड्याला चालतं, कारण तो रोज हातात असतो आणि तेल पुन्हा पुन्हा लावलं जातं. पण खोबरेल कधीच सुकत नाही. सुकणं तेलातल्या असंपृक्त आम्लांवर असतं आणि ते आयोडीन अंकाने मोजतात. अळशीचा अंक 170 ते 200, खोबरेलाचा 10 च्या आसपास. मोहरी आणि तीळ मधले, त्यांचीही घट्ट पापुद्री होत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. तेलाची फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. ऑक्सिजन धरताना तेल गरम होतं. बोळा असेल तर ती उष्णता आत साठते आणि फडकं आपोआप पेटतं. 23 फेब्रुवारी 1991 ला फिलाडेल्फियात वन मेरिडियन प्लाझा ही 38 मजली इमारत अशाच अळशीच्या तेलाच्या फडक्यांमुळे पेटली आणि तीन अग्निशामक जवान गेले. फडकी बाहेर दोरीवर एकेक पसरून वाळवा, नाहीतर पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवा. घरात लहान मुलं असतील तर हे आज, आत्ता करा.

रानवाट
वाचल्या वाचल्या पडवीत गेलो. तीन फडकी एका डब्यात कोंबलेली होती. बादलीत टाकली. प्रयोगवही, तुमचे उपकार विसरणार नाही.

कमठा, पाठीला तेल चालत नसेल तर काय लावू?

कमठा, लेस्टर
चपड्याचं (लाखेचं) पॉलिश. स्पिरिटमध्ये विरघळवून पातळ तीन-चार हात. वाफ अडवायला ते तेलापेक्षा कितीतरी सरस आहे. पण आत्ता नको, दमट हवेत चपडा पांढुरका पडतो.

रानवाट (27 जुलै)
कळवायचं होतं. पाठ टर्पेन्टाइनने दोनदा पुसली, दोन दिवस वाऱ्याला टांगली, मग अकरा दिवस खोक्यात ठेवलं. आत थर्मामीटर टांगला होता, 35-36 दाखवायचा. काल दोरी चढवून एकदाच काट्यावर घेतलं, 37 पौंड. लगेच उतरवून पोटाला बेलतेलाचा एक पातळ हात दिला आणि पुसला, आज हाताला काही लागत नाही. चपडा मात्र पाऊस उघडला की, नवरात्राच्या आधी एखादा कोरडा दिवस बघून. दसऱ्याला आजोबांच्या कोयत्याशेजारी पूजेला ठेवायचंय.