‘मांकडिंग’, ‘पंचांचा कौल’, ‘प्रभावी खेळाडू’: नियम बदलले, शब्दांचं काय?

गुणलेखक:
चेंडू हातातून सुटायच्या आधीच नॉन-स्ट्रायकर, म्हणजे गोलंदाजाच्या टोकाला उभा असलेला फलंदाज, क्रीज सोडून पुढे सरकला आणि गोलंदाजाने थांबून बेल्स उडवल्या, तर मराठी बातम्यांत अजूनही ‘मांकडिंग’ असंच छापून येतं. क्रिकेटचे कायदे करणाऱ्या एमसीसीने १ ऑक्टोबर २०२२ पासून हे कलम ४१व्या कायद्यातून, म्हणजे ‘अनुचित खेळा’तून काढून ३८व्या कायद्यात, ‘धावबाद’मध्ये नेलं. आता मराठीत वेगळा शब्द हवा का? हवा असेल तर कोणता?

तिसरी स्लिप:
‘धावबाद’ पुरे. हे कलम ४१व्या कायद्यात होतं तेव्हाही गुणपत्रकात धावबादच लिहिलं जायचं. बदलली ती जागा, आणि तो बदल योग्यच होता. ‘अनुचित खेळ’ या मथळ्याखाली कलम असल्यामुळे अनुचित वागतोय तो गोलंदाज, असा समज पसरला होता. खरं तर फुकटची दोन पावलं घेणारा फलंदाज असतो.

नावाबद्दल तर माझा ठाम विरोध आहे. १९४७ साली सिडनीत भारताच्या विनू मांकड यांनी ऑस्ट्रेलियाच्या बिल ब्राउनना दोनदा असं बाद केलं. नोव्हेंबरमधल्या ऑस्ट्रेलियन इलेव्हनविरुद्धच्या सामन्यात आधी ताकीद देऊन, आणि डिसेंबरच्या कसोटीत ताकीद न देता. प्रतिस्पर्धी कर्णधार डॉन ब्रॅडमन यांनी मांकडांचीच बाजू घेतली होती. १९५२ मध्ये लॉर्ड्स कसोटीत ७२ आणि १८४ धावा करून एका डावात पाच बळीही घेणाऱ्या खेळाडूचं नाव एका नियमबद्ध कृतीसाठी शिवीसारखं वापरलं जातं. सुनील गावसकरांनीही या शब्दाला जाहीर आक्षेप घेतलेला आहे. मराठीने तरी तो चालवू नये.

शब्दवेल्हाळ:
सहमत, आणि भाषेच्या बाजूनेही ‘धावबाद’च बसतं. आपल्याकडे दोन शेपट्या आहेत, ‘चीत’ आणि ‘बाद’. ‘चीत’ कुस्तीतून आला: समोरासमोरच्या लढतीत एकाने दुसऱ्याची पाठ लावली की तो चीत. ‘बाद’ हा हिशेबातला शब्द, रक्कम बाद करतात तसा. आता यादी पाहा. त्रिफळाचीत, पायचीत, यष्टिचीत, स्वयंचीत. चारही प्रकारांत बळी गोलंदाजाच्या नावावर जातो. धावबादमध्ये जात नाही. झेलबाद मात्र या रांगेत बसत नाही, कारण तिथे बळी गोलंदाजाचा असूनही शेपटी ‘बाद’ची आहे. म्हणजे उलट बाजूने नियम लागत नाही. पण ‘चीत’ म्हटलं की बळी गोलंदाजाचा, एवढं पक्कं.

नॉन-स्ट्रायकरला बाद करणारा हात गोलंदाजाचा असला तरी बळी त्याच्या खात्यात जमा होत नाही. त्यामुळे ‘मांकडचीत’ अशी जोडही चूक. ‘बाद’च हवं.

पंचगिरी:
शब्द ठरवण्याआधी कृती नेमकी कधी वैध आहे ते लिहितो, कारण निम्मे वाद तिथेच होतात. गोलंदाजाने रनअप सुरू केला की चेंडू ‘खेळात’ आला. तिथपासून, नेहमीच्या शैलीत चेंडू ज्या क्षणी हातातून सुटला असता त्या क्षणापर्यंत, नॉन-स्ट्रायकर क्रीजबाहेर असेल तर त्याला धावबाद करता येतं. ताकीद देणं सक्तीचं नाही. प्रयत्न यशस्वी होवो वा फसो, तो चेंडू षटकात मोजला जात नाही. फसला तर पंच ‘डेड बॉल’ देतात.

इथे होणारी नेहमीची चूक म्हणजे हात पूर्ण फिरवून झाल्यावर मागे वळून बेल्स उडवणं. जानेवारी २०२३ मध्ये मेलबर्नला बिग बॅशमध्ये ॲडम झाम्पाने हेच केलं. हात उभ्या रेषेच्या पुढे गेला होता, म्हणून तिसऱ्या पंचांनी नाबाद दिलं. ‘चेंडू सोडलाच नाही ना, मग बाद का नाही?’ असं बऱ्याच जणांना वाटलं. त्याच महिन्यात एमसीसीने कलमाची शब्दरचना बदलून स्पष्ट केलं, की अपेक्षित क्षण उलटला की ही संधी संपली, मग फलंदाज आधीपासून कितीही बाहेर असो.

गुणलेखक:
एक अडचण राहते. सरळ ड्राइव्ह गोलंदाजाच्या बोटाला लागून यष्ट्यांवर गेला आणि नॉन-स्ट्रायकर बाहेर असला, तर तोही धावबादच. नुसतं ‘धावबाद’ वाचून नेमकं काय झालं ते कळत नाही. ‘गोलंदाजाच्या टोकाला धावबाद’ म्हटलं तरी हा गोंधळ तसाच राहतो.

तिसरी स्लिप:
गुणपत्रकात ‘धावबाद’ आणि वृत्तांतात ‘चेंडू टाकण्यापूर्वी धावबाद’. तीन शब्दांत सगळं आलं. २४ सप्टेंबर २०२२ ला लॉर्ड्सवर भारताच्या दीप्ती शर्माने इंग्लंडच्या चार्ली डीनला बाद केलं ते असं एका ओळीत सांगता येतं, कुणाच्या चारित्र्यावर न घसरता. ती घटना नवा कायदा लागू होण्याच्या आठवडाभर आधीची, हेही लक्षात घ्या. जुन्या कलमानुसारही डीन बादच होती.

शब्दवेल्हाळ:
जाता जाता. एमसीसीने २०२१ मध्ये ‘बॅट्समन’ काढून ‘बॅटर’ केलं, तेव्हा मराठीला काहीच करावं लागलं नाही. ‘गोलंदाज’ हा तोफखान्यातला जुना शब्द, गोळा फेकणारा. ‘अंदाज’ म्हणजे फेकणारा, जसा तिरंदाज. त्याच साच्यावर ‘फलंदाज’ घडला, आणि त्यात पुरुष कुठेच नाही. ‘ती फलंदाज बाद झाली’ हे वाक्य आपल्याकडे आधीपासून सरळ आहे. ‘महिला फलंदाज’मधला ‘महिला’ बहुतेक वेळा गाळता येईल.

पंचगिरी:
आता ज्या शब्दाने खरं नुकसान होतं त्याकडे येतो: ‘पंचांचा कौल’, म्हणजे ‘अंपायर्स कॉल’. कोकणात आणि गोव्यात देवाला कौल लावतात. पाकळी उजवीकडची पडते की डावीकडची, यावर उत्तर. त्यामुळे ‘पंचांचा कौल’ ऐकलं की निर्णय नशिबावर सोडला असं वाटतं. प्रत्यक्षात ते मोजमाप आहे. पायचीतच्या फेरतपासणीत चेंडूचा निम्म्याहून अधिक भाग यष्टिक्षेत्रात लागत असेल, तरच मूळचा ‘नाबाद’ फिरतो. थोडासाच चाटून जात असेल तर मैदानावरचा निर्णय राहतो, आणि संघाची फेरतपासणी वाया जात नाही. २०२१ पासून या क्षेत्राची उंची बेल्सच्या वरच्या कडेपर्यंत नेली आहे. चेंडू पॅडला कुठे लागला यालाही ही सवलत आहे, टप्पा कुठे पडला याला नाही. लेगस्टंपबाहेर टप्पा म्हणजे नाबाद, विषय संपला.

म्हणून ‘मूळ निर्णय कायम’ म्हणावं. काय घडलं ते त्यात आहे आणि पंचांवर शिंतोडा नाही.

गुणलेखक:
‘मूळ निर्णय कायम’ मला पटलं. ‘सॉफ्ट सिग्नल’साठी, म्हणजे तिसऱ्या पंचांकडे जाण्याआधी मैदानी पंच देत त्या संकेतासाठी, शब्द शोधायची मात्र गरजच उरली नाही. जून २०२३ पासून आयसीसीने तो बंद केला. जुन्या सामन्यांबद्दल लिहिताना ‘मैदानी पंचांचं प्राथमिक मत’ चालेल.

तिसरी स्लिप:
‘प्रभावी खेळाडू’ तर तातडीने थांबवायला हवं. आयपीएलमध्ये २०२३ पासून इम्पॅक्ट प्लेअर आला, त्याचं हे शब्दशः भाषांतर. ‘प्रभावी खेळाडू शून्यावर बाद’ हे वाक्य वाचणाऱ्याने काय समजावं? ‘बदली खेळाडू’ही चालत नाही, कारण जुन्या अर्थाने बदली खेळाडू फक्त क्षेत्ररक्षण करतो आणि पंचांच्या संमतीने यष्टिरक्षण. हा फलंदाजी करतो, चार षटकं टाकतो आणि ज्याच्या जागी आला तो सामन्यात परत येत नाही. म्हणजे ही कायमची अदलाबदल. माझ्या मते या नियमाने अष्टपैलू खेळाडूची किंमत कमी केली. सहावा गोलंदाज होऊ शकणाऱ्या फलंदाजाला षटकं मिळेनाशी झाली. रोहित शर्मानेही हाच आक्षेप घेतला होता. शब्द म्हणून ‘बारावा पर्याय’ की ‘इम्पॅक्ट प्लेअर’ तसाच ठेवायचा?

शब्दवेल्हाळ:
तसाच ठेवा. ते एका स्पर्धेतल्या योजनेचं नाव आहे, पारिभाषिक शब्द नव्हे. नावाचं भाषांतर करू नये. ‘बारावा’ म्हटलं की पाणी घेऊन येणारा राखीव खेळाडू आठवतो.

भाषांतर नीट हवं ते कनकशन बदलीमधल्या एका शब्दाचं. डोक्याला मार बसला तर येणारा खेळाडू आधीच्या खेळाडूशी ‘समतुल्य’ असावा, अशी अट आहे. काही बातम्यांत ‘तसाच खेळाडू’ लिहितात, काहींत ‘त्याच दर्जाचा’. दर्जाचा इथे संबंध नाही, भूमिकेचा आहे. ३१ जानेवारी २०२५ ला पुण्याजवळ गहुंजेत इंग्लंडविरुद्धच्या टी-२० सामन्यात शिवम दुबेच्या जागी हर्षित राणा आला आणि त्याने ३३ धावांत ३ बळी घेतले. दुबे फलंदाजी करणारा अष्टपैलू, राणा मुख्यतः वेगवान गोलंदाज. इंग्लंडचा कर्णधार जोस बटलरचा आक्षेप याच शब्दावर होता.

पंचगिरी:
आणि तो आक्षेप मला रास्त वाटतो. समतुल्यता सामनाधिकारी त्या क्षणी ठरवतात, आणि दुबेकडून उरलेल्या डावात किती गोलंदाजी अपेक्षित होती याचं उत्तर कुणाकडेही नेमकं नसतं. २०२५च्या मध्यात आयसीसीने यावर उपाय केला. संघांनी पाच नावं आधीच द्यायची: एक यष्टिरक्षक, एक फलंदाज, एक वेगवान गोलंदाज, एक फिरकी गोलंदाज आणि एक अष्टपैलू. त्यामुळे ‘समान भूमिकेचा बदली खेळाडू’ हाच नेमका मराठी प्रयोग ठरतो.

गुणलेखक:
शेवटचा प्रश्न. नवा फलंदाज वेळेत तयार झाला नाही म्हणून बाद, त्या ‘टाइम्ड आउट’ला ‘कालबाह्य’ लिहिलेलं चालेल का?

शब्दवेल्हाळ:
नाही. कालबाह्य म्हणजे जुनं झालेलं. ‘वेळबाद’ म्हणा. बळी गोलंदाजाला मिळत नाही, म्हणून ‘बाद’ची शेपटीही बरोबर.

पंचगिरी:
‘वेळबाद’ चांगला आहे. त्यासोबत ‘कायदा’ आणि ‘सामन्याच्या अटी’ हा फरकही लिहावा. एमसीसीच्या ४०व्या कायद्यात नव्या फलंदाजाला तीन मिनिटं आहेत. ६ नोव्हेंबर २०२३ ला दिल्लीत श्रीलंकेचा अँजेलो मॅथ्यूज बाद झाला तो विश्वचषकाच्या अटींतल्या दोन मिनिटांमुळे. क्रीजवर पोहोचणं पुरेसं नसतं, तेवढ्या वेळात चेंडू खेळायला तयार असावं लागतं. मॅथ्यूजच्या हेल्मेटचा पट्टा तुटला आणि वेळ गेली. बातमीत नुसतं ‘नियमानुसार’ लिहिलं की वाचक कायद्याचं पुस्तक उघडतो, तिथे तीन मिनिटं सापडतात, आणि पंच चुकले असं त्याला वाटतं.