मदत हवी आहे: हायटेन्शन लाइनपासून घर किती लांब बांधावं?

नमस्कार मंडळी,

चिपळूणजवळ आमच्या गावी धाकटा भाऊ घर बांधतोय. जागा काजूच्या बागेला लागून, आणि बागेच्या खालच्या अंगाने २२० केव्हीची लाइन गेलीय. सपाटी आणि विहीर दोन्ही तिकडेच, म्हणून गवंडी चौथरा तिथेच घ्या म्हणतो. वर सरकलं की कातळ फोडावा लागेल, खर्च वाढेल. पण पुतणी तीन वर्षांची आहे. मला घोर लागलाय तो तिचा.

लाइनखालचा ३५ मीटरचा पट्टा मोकळा सोडायचा, हे सगळे सांगतात. तो शॉक लागू नये, तार तुटून अंगावर येऊ नये यासाठी. माझा प्रश्न त्याच्या पुढचा आहे: लाइनच्या चुंबकीय क्षेत्राने लेकराच्या तब्येतीला धोका आहे का?

पावसात तारा तडतडतात त्याने वहिनी घाबरते. तो आवाज व्होल्टेजचा, आणि विद्युत क्षेत्र भिंती, झाडं बरंचसं अडवतात. चुंबकीय क्षेत्र मात्र भिंतीतून आरपार येतं. ते तारेतल्या करंटवर अवलंबून, त्यामुळे दिवसभर कमीजास्त होतं. अंतर वाढलं की झपाट्याने उतरतं.

चुंबकीय क्षेत्र सरासरी ०.३-०.४ मायक्रोटेस्लाच्या (हे ते मोजायचं एकक) वर असलेल्या घरांतल्या मुलांत ल्युकेमियाचं, म्हणजे रक्ताच्या कर्करोगाचं प्रमाण जास्त आढळलं, म्हणून आयएआरसीने (जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था) २००२ साली या क्षेत्राला '२बी', म्हणजे 'कदाचित कर्करोगकारक' गटात टाकलं. कारण हेच, असं सिद्ध झालेलं नाही. जागतिक आरोग्य संघटनेनेही २००७ मध्ये तेच म्हटलं. आयसीएनआयआरपी या अशा क्षेत्रांपासूनच्या संरक्षणाच्या आंतरराष्ट्रीय आयोगाची २०० मायक्रोटेस्लाची मर्यादा आहे, पण ती शरीरावर लगेच होणाऱ्या परिणामांपुरती. वर्षानुवर्षं तिथे झोपणाऱ्या लेकराचं काय, याचं उत्तर तिच्यात नाही.

भावाने मोबाईलच्या अ‍ॅपवर मोजलं तर आकडा चाळीस मायक्रोटेस्लाच्या आसपास आला आणि घरात रडारड झाली. तो पृथ्वीच्या स्वतःच्या चुंबकत्वाचा आकडा, लाइनचा नव्हे. हे समजावताना माझी दमछाक झाली.

तर जाणकारांनी कृपया सांगा:
५० हर्ट्झचं, म्हणजे लाइनच्या विजेचं चुंबकीय क्षेत्र नीट मोजणारा मीटर रत्नागिरी जिल्ह्यात कुणाकडे भाड्याने मिळेल का? संध्याकाळी लोड जास्त असताना मोजलेलं पुरे, की चोवीस तासांची नोंद हवी? २२० केव्हीच्या लाइनजवळ राहणाऱ्या कुणी वेगवेगळ्या अंतरांवर मोजलंय का?

कातळ फोडायची माझी तयारी आहे, निम्मा खर्च मी उचलेन. पण भावाला पटवायला आकडा हातात हवा. पाया दिवाळीनंतर लगेच खणायचाय.