४०७ला ८.२५चे टायर टाकले आणि ॲव्हरेज पडलं

टोमॅटोवाला_जुन्नर:
माझी टाटा ४०७ (सहा टायरचा छोटा ट्रक) नारायणगावहून माळशेजमार्गे वाशी मार्केटला टोमॅटो नेते, येताना किराणा भरते. आधीचे ७.५०-१६ टायर (साधारण साडेसात इंच रुंद, १६ इंची रिमचे) घासले म्हणून टायरवाल्याच्या सांगण्यावरून सहाही ८.२५-१६ टाकले. मोकळ्या रस्त्याला छान पळते, पण ॲव्हरेज लिटरला ९.२ किलोमीटरवरून ८.६ वर आलं. घाट चढताना जिथे तिसरा गिअर चालायचा तिथे आता दुसरा टाकावा लागतो. फिल्टर बदलले, पंप तपासला. टायरमुळेच असेल का?

जुना_ड्रायव्हर:
दादा, आधी एक करा. गाडी भरलेली असताना टायरला आणि जमिनीला खडूची खूण करा, चाकाचा एक पूर्ण फेरा होऊ द्या आणि टेपने मोजा. मीटर किलोमीटर मोजत नाही, चाकाचे फेरे मोजतो. चाक मोठं झालं की फेरे कमी, म्हणून मीटर कमी दाखवतो. वाशीला जाऊन-येऊन एका खेपेला डिझेल किती लागतं ते वहीत बघा, ॲव्हरेज नंतर.
घाटाचं मात्र खरं आहे. चाक मोठं म्हणजे प्रत्येक गिअर थोडा उंच झाल्यासारखा, इंजिनवर जोर येतो. आणि मला काळजी तुमच्या उतरण्याची वाटते. ब्रेक तेवढाच, चाक मोठं, म्हणजे गाडी थांबवायची ताकद कमी. माल भरून माळशेज उतरताना हे जड जाईल.

पंक्चर_ते_पासिंग:
मागच्या जोडीत फट किती राहते? ८.२५ रुंद आहे. माल भरल्यावर आतला-बाहेरचा टायर एकमेकांना घासले तर तापून फुटतात. आरसी बुकात कोणता साइज आहे तेही बघून घ्या.

टोमॅटोवाला_जुन्नर:
मोजलं. जुना स्टेपनीचा टायर चढवून २.४४ मीटर, नवा २.६० मीटर. वहीत बघितलं तर पूर्वी जाऊन-येऊन मीटरवर ३१० पडायचे, आता २९१. डिझेल तेव्हा ३३.७ लिटर, आता ३३.८. म्हणजे डिझेल वाढलंच नाही! पण मीटरवर ६० दाखवतो तेव्हा गाडी ६४ ने पळत असते, आणि मी त्याच भरवशावर घाट उतरत होतो. मागे फट जेमतेम बोटभर आहे, तीही रिकाम्या गाडीला. सोमवारी परत ७.५० बसवतोय. टायरवाला अर्ध्या किमतीत परत घेतो म्हणाला.




जुना_ड्रायव्हर:
बसवा. आणि सोमवारपर्यंत घाट दुसऱ्या गिअरमध्येच उतरा.